सत्यभामेचा चार्ज

"ज्ञान पुस्तकात नसते, ते कर्मात असते, म्हणून या विद्यापीठाचा प्रत्येक विद्यार्थी यापुढे जीवनाच्या प्रयोगशाळेत, प्रत्यक्ष अनुभवाच्या अग्नीतून तावून सुलाखून बाहेर पडेल."

हे विद्यापीठाच्या परिपत्रकातलं पहिलं वाक्य. मूळ हिंदी होतं आणि याहून जड होतं. दुसरं वाक्य असं, की त्यासाठी मागील पृष्ठावर दिलेली कार्यपद्धती अवलंबावी. मागील पृष्ठ कोरं होतं. सायक्लोस्टाइलची शाई संपली असावी, किंवा कार्यपद्धती.

बालाघाटच्या आमच्या कॉलेजात हे परिपत्रक १९८६च्या दिवाळीच्या तोंडावर आलं. प्राचार्यांनी सभा बोलावली. आमच्याकडे सभेचा एक जुना रिवाज आहे: जो गैरहजर राहील त्याला समितीचा प्रमुख नेमायचं. त्या दिवशी कॉमर्सचे प्राध्यापक गुणाकर पिंपळापुरे दाढ काढायला गेले होते. ते परत आले तेव्हा 'प्रत्यक्ष कार्यानुभव योजने'चे प्रभारी झालेले होते. हरकत घ्यावी असं त्यांच्या मनात होतं, पण अर्धा जबडा बधिर होता. बधिरपणा उतरेपर्यंत त्यांचं नाव विद्यापीठाला कळवून झालं होतं.

पिंपळापुरे सर तेव्हा अठ्ठावन्नचे होते. थकवा हा त्यांचा आजार नव्हता, हुद्दा होता. तीस वर्षं ते बी.कॉम.च्या मुलांना 'कार्यालय व्यवस्थापन' हा विषय शिकवत होते. फाइल कशी लावावी, टपाल कसं नोंदवावं, वरिष्ठाकडून कनिष्ठाकडे हुकूम कसा उतरतो आणि कनिष्ठाकडून वरिष्ठाकडे माहिती कशी चढते, हे सगळं ते फळ्यावर बाण काढून दाखवत. बाण फार सुबक काढत. घरात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी. आजोबा तहसिलीत, वडील नाझर. त्यांची गत लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे सरांनी कार्यालय फक्त शिकवायचं ठरवलं होतं. आत जायचं नाही, हा नियम त्यांनी तीस वर्षं पाळला.

आता शेवटच्या वर्षाची एकतीस मुलं पंचेचाळीस दिवस कुठं तरी कामाला लावायची होती. कामाच्या ठिकाणच्या साहेबाचं प्रमाणपत्र आणलं तरच परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार होता. सर सायकलवरून महिनाभर गावभर फिरले. आठ जणांना राइस मिलवाल्यांनी घेतलं, चौघांना तिरोडीच्या खाणीच्या ऑफिसात सोय झाली, सहा जण आपापल्या वडिलांच्याच दुकानात 'अनुभव' घ्यायला बसले, जिथं ते पाचवीपासून बसतच होते. उरलेल्यांना सरांनी सरकारी कार्यालयांत वाटून टाकलं. बावीस डिसेंबरला सगळ्यांना एका वर्गात बसवून त्यांनी एकच उपदेश केला. तिथं जे काम सांगतील त्याला नाही म्हणायचं नाही. सही करा म्हटलं तर सही करा, पाणी आणा म्हटलं तर पाणी आणा. अनुभव असाच मिळतो. हे बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच जरा बरं वाटलं. दीड महिन्याने ते त्या वाक्याला शिव्या देणार होते, पण तेव्हा ते त्यांना माहीत नव्हतं.

सत्यभामा नागपुरे ही या एकतीस जणांत. कटंगीची. घरी धानाची शेती. बाप डोमाजी याने तिला बालाघाटला मावशीकडे ठेवून शिकवलं होतं, पण एका कराराने. करार तोंडी होता आणि म्हणून पक्का होता: परीक्षा एका झटक्यात द्यायची. पास झाली तर नोकरीचा अर्ज करू दे, मी आडवा येत नाही. पण साल वाया गेलं, तर वैशाखात तुमसरच्या पोराशी लग्न. तुमसरचं पोर पाहून ठेवलेलं होतं. त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि ते हसताना डोळे मिटून घेत असे. सत्यभामेचा त्याच्यावर काही राग नव्हता. तिला फक्त नोकरी करायची होती. पंचेचाळीस दिवस, एक प्रमाणपत्र, चौदा फेब्रुवारीपर्यंत फॉर्म. इतकंच तिच्या आणि तुमसरच्या मधे उभं होतं.

तिला मिळालेल्या कार्यालयाचं नाव मी घेत नाही, कारण ते अजून तिथंच आहे. तळी, बंधारे, कालवे असलं काही तरी ते पाहत असे. साहेब बहुतेक दौऱ्यावर. कारभार बडे बाबूंचा. त्यांचं नाव दुलीचंद. बारीक, शांत, गळ्यात मफलर, बोलणं अगदी मऊ. ते येत्या फेब्रुवारीच्या अखेरीला रिटायर व्हायचे होते आणि त्यांना एकच काळजी होती: रेकॉर्ड रूमचा चार्ज.

चार्ज म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात सरकारी नोकरी नाही त्यांना सांगायला हवं. रेकॉर्ड रूममधल्या प्रत्येक वस्तूची एक यादी असते. ज्याने त्या यादीखाली 'घेतला' म्हणून सही केली, तो त्या सगळ्याचा धनी. तो तिथून हलायचा तर दुसऱ्या कुणी तरी 'घेतला' म्हणून सही करावी लागते. नाही केली तर माणूस कार्यमुक्त होत नाही. बदली झाली तरी मनाने तिथंच, रिटायर झाला तरी कागदाने तिथंच. पिंपळापुरे सरांचे वडील म्हणत, की शेवटच्या घटकेला तोंडात तुळशीपत्र घ्यावं, गंगाजळ घ्यावं, पण कुणाचा चार्ज घेऊ नये. सर हे म्हाताऱ्याचं विनोदी बोलणं समजत.

दुलीचंदांकडे हा चार्ज एकोणीस वर्षं होता. या एकोणीस वर्षांत कार्यालयात अकरा बाबू आले नि गेले. त्यांनी प्रत्येकाला प्रेमाने विचारून पाहिलं. कुणाला धुळीने शिंका येत, कुणाची आई आजारी असे, एकाने तर सरळ मंडल्याला बदली मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सत्यभामेसमोर यादी ठेवली. नऊ पानं, चारशे बारा नग. तिने विचारलं, सगळं मोजून पाहू का. दुलीचंद हसले.

"बेटी, उन्नीस साल से किसी ने नहीं गिना. अब गिनोगी तो सामान को बुरा लगेगा."

तिला सरांचा उपदेश आठवला. नाही म्हणायचं नाही. तिने नऊ पानांवर नऊ सह्या केल्या, तारीख घातली, आणि दुलीचंदांनी एकोणीस वर्षं जानव्याला बांधलेली किल्ली सोडून तिच्या हातात दिली. त्या दिवशी ते चार वाजताच घरी गेले. चपराशी महागू सांगतो, की जाताना गुणगुणत होते.

यानंतर जे झालं ते योजनेत अपेक्षित नव्हतं. सत्यभामा काम शिकली.

तिने रेकॉर्ड रूमची खिडकी उघडली, जी कुणाला आहे हेच माहीत नव्हतं. गठ्ठे सोडले, झाडले, सालवार लावले, गाववार लावले. लाल फडकी धुऊन वाळत घातली. पंधरा दिवसांत अशी वेळ आली, की कुणी शेतकरी आपल्या बांधाच्या कागदाची नक्कल घ्यायला आला तर त्याला ती वीस मिनिटांत मिळू लागली. याचा सगळ्यात जास्त त्रास शेतकऱ्यालाच झाला, कारण तो आठ दिवसांची भाकर बांधून आलेला असे. बाबू लोकही अस्वस्थ झाले. लोक आता विचारू लागले होते, की मग इतकी सालं काहून लागत होती. या प्रश्नाचं उत्तर यादीतल्या चारशे बारा नगांत कुठं नव्हतं.

सर पाहणीला आले आणि त्यांनी दारातूनच तिचं काम पाहिलं, तेव्हा त्यांना थोडं वाईटच वाटलं. तीस वर्षं ते जे फळ्यावर काढत होते ते इथं लाकडी फळ्यांवर लावून ठेवलेलं होतं, आणि त्यात एकही बाण नव्हता.

चार फेब्रुवारीला पंचेचाळीस दिवस भरले. बाकीच्या तीस जणांची प्रमाणपत्रं आली. राइस मिलच्या मुलांची तर दोन दिवस आधीच आली, कारण मालकाला ती जायला हवी होती. सत्यभामेचं आलं नाही. विद्यापीठाने प्रमाणपत्राचा जो नमुना दिला होता त्यात एक ओळ होती, 'सदर विद्यार्थी अमुक तारखेस या कार्यालयातून कार्यमुक्त झाला.' दुलीचंदांनी ती ओळ वाचली आणि कागद हळूच परत केला. चार्ज दिल्याशिवाय कार्यमुक्त कसं लिहायचं? आणि खोटं लिहायची त्यांना सवय नव्हती. ते फक्त खरं लांबवत.

ती सरांकडे आली तेव्हा सर ओसरीवर उन्हात पाय सोडून बसले होते. पायांवर सूज होती. तिने सगळं सांगितलं, न रडता, तारीखवार. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की सही करायच्या आधी वाचली नाहीस का यादी.

"तुमीच तं म्हनलं होतं सर, सही करा म्हनलं तं करा."

सरांच्या पत्नी सुनंदाबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, की मामंजी असते तर त्यांनी ही गोष्ट चुलीत घातली असती. गोष्ट म्हणजे योजना की सर, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर कार्यालयात गेले. दुलीचंदांनी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, तब्येत विचारली. सरांनी मुद्दा मांडला, की ही मुलगी तुमची नोकर नाही, हिचा नेमणुकीचा हुकूम नाही, मग चार्ज कसला? दुलीचंदांनी मान डोलावली. बरोबर आहे म्हणाले. नेमणूक नाही म्हणून पगार नाही. पण सही आहे म्हणून चार्ज आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरांनी विचारलं, मग तुम्ही परत घ्या ना, वीस दिवसांचा तर प्रश्न आहे.

"पिंपळापुरे साहब," दुलीचंद म्हणाले, "बैल भी एक बार जुए से छूटे तो दूसरी बार सिर नहीं देता. मैं तो फिर भी बड़ा बाबू हूँ."

त्यांनी हे रागाने म्हटलं नाही. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, हात टेबलावर उताणे पडलेले होते. सरांना वाटलं, आपण आरशाशी भांडायला आलो आहोत.

मग बाकीच्या तीन बाबूंना विचारलं. ते एका सुरात म्हणाले, की आम्ही आनंदाने चार्ज घेऊ, पण यादी पूर्ण पाहिजे. आणि यादीत दोनशे सत्त्याऐंशीव्या नंबरला लिहिलं आहे: 'डोंगा, लकड़ी का, नग एक.' तो दाखवा, आत्ता सही करतो. एका झाडाच्या खोडातून होडीसारखा कोरून केलेला डोंगा रेकॉर्ड रूममधे कसा असेल, आणि असला तर दारातून कसा गेला असेल, हे त्यांनी विचारलं नाही. तो तिथं नव्हता एवढं त्यांना पुरेसं होतं.

साहेब दौऱ्यावरून आले तेव्हा सरांनी त्यांना गाठलं. साहेब चांगले होते, तरुण होते. म्हणाले, बिलकुल अन्याय आहे, फाइल पुट अप करा. फाइल दुलीचंदांनी पुट अप केली. साहेबांनी तिच्यावर 'चर्चा करें' लिहिलं आणि ते परत दौऱ्यावर गेले. सात फेब्रुवारी उजाडली.

इथं मी कबूल केलं पाहिजे, की पिंपळापुरे सरांनी मनात हार मानली होती. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण अठ्ठावन्न वर्षांत त्यांनी एवढं पाहिलं होतं, की भिंत दिसली की तिला टेकून बसायचं, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. डोंगा शोधला सत्यभामेने. तिने रेकॉर्ड स्वतः लावलं होतं, त्यामुळे कुठला गठ्ठा सोडायचा हे तिला ठाऊक होतं. एका संध्याकाळी ती एक पिवळी चिठ्ठी घेऊन सरांच्या घरी आली. १९७४ साली लामत्याच्या तलावाचं मोजमाप झालं, त्यासाठी डोंगा गेला. परत आल्याची नोंद नाही. पोच म्हणून तिथल्या तेजराम नावाच्या शेतकऱ्याचा अंगठा आहे.

"म्हणजे तो तिथंच असेल," ती म्हणाली. "सरकारी वस्तू कोनी चोरत नाही जी. कोनाले पाह्यजे असते?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या छोट्या गाडीने दोघं लामत्याला गेली. नॅरो गेजची ती गाडी इतक्या सावकाश जाते, की वाटेत माणसाला आपलं आयुष्य आठवायला वेळ मिळतो. सरांना तो मिळाला आणि त्यांनी तो झोपून घालवला. सत्यभामा खिडकीशी बसून होती. मधे एकदा सर जागे झाले तर ती अर्थशास्त्राचं पुस्तक मांडीवर ठेवून त्याच्याकडे न पाहता काही तरी पुटपुटत होती. पाठांतर चाललं होतं. सरांनी पुन्हा डोळे मिटले.

तेजरामचं घर तळ्याच्या अंगाला होतं. अंगणात पाऊल टाकलं तोच दोघांना डोंगा दिसला. गोठ्यासमोर दोन दगडांवर नीट बसवलेला, आणि त्यातून दोन बैल तणीस खात होते. पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगात खात्याचा नंबर होता. बैलांनी चाटून चाटून तो निम्मा पुसला होता.

तेजराम सत्तरीचा. तो घाबरला नाही, उलट त्याला हायसं वाटलं. तो सांगू लागला, की साहेब लोकांनी तळं मोजलं आणि जाताना मले म्हणून गेले, सरकारी हाये, सांभाळ. पाच सालं त्याने तो झाडाखाली तसाच ठेवला, पावसात झाकला, तेल लावलं. बायको शेवंताबाई म्हणू लागली, की घरच्या म्हाताऱ्याले नाही लावलं इतकं तेल लाकडाले. मग गव्हाण केली.

"बारा सालं झाले साहेब, मी वाट पाहून राह्यलो कोनी तरी येईन म्हणून. पोराच्या लग्नाले बालाघाटले गेलतो तं दोन दिसांत वापस आलो, डोंगा कोन पाहील म्हणून. आता तुमी आले. घेऊन जा, मले फक्त एक कागद द्या."

त्याला कागद हवा होता. सरांनी वहीचं पान फाडून लिहून दिलं, की डोंगा पाहिला, सुस्थितीत आहे, आत तणीस आहे. तेजरामने तो कागद डोक्याला लावला आणि घडी करून पागोट्यात ठेवला. शेवंताबाईने दोघांना पोहे आणि गूळ दिला. निघताना सत्यभामेने तिच्या पाया पडून सांगितलं, की आजी, बैलांले खाऊ द्या, आम्ही नाही नेत.

येताना सर जागे होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटत होतं, की एखादी गोष्ट शोधली आणि सापडली, असं जगात घडतं. गाडीत त्यांनी सत्यभामेला सांगितलं, की उद्या तुझं प्रमाणपत्र. ती हसली नाही. म्हणाली, हौ सर, पण सही होऊ द्या.

नऊ तारखेला सर छाती काढून कार्यालयात गेले. पिवळी चिठ्ठी, अंगठा, गव्हाण, सगळं सांगितलं. तिन्ही बाबूंनी कौतुकाने ऐकलं. मग एकाला आठवलं, की त्याच्या बायकोचे दिवस भरले आहेत. दुसऱ्याने धुळीची तक्रार काढली, जी धूळ सत्यभामेने केव्हाच घालवली होती. तिसरा खरोखरच लघवीला गेला आणि परत आला नाही.

दुलीचंदांनी सरांना बाहेर व्हरांड्यात नेलं. महागूला चहा आणायला पाठवलं. दोघं म्हातारे बाकावर बसले. थंडी होती, ऊन पातळ होतं. दुलीचंद म्हणाले, की डोंगा हे निमित्त होतं. डोंगा इथं टेबलावर आणून ठेवला असता तरी कुणी सही केली नसती. यादी पूर्ण असो की अपुरी, चार्ज कुणी घेत नाही, हा इथला रिवाज आहे. मी घेतला कारण मी तेव्हा नवा होतो. तिने घेतला कारण ती नवी आहे. इथं नवा माणूसच पकडावा लागतो.

"मेरी भी लड़की है," ते म्हणाले. "उसकी उमर की. मैं रोज सोचता हूँ, वापस ले लूँ. फिर किल्ली देखता हूँ तो हाथ नहीं उठता."

सरांनी विचारलं, मग यातून वाट काय.

दुलीचंदांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, आमच्याकडे नियम मोठा नाही, मिसाल मोठी. एकदा जे झालं ते पुन्हा होऊ शकतं. ज्याचा नेमणुकीचा हुकूम नाही असा बाहेरचा माणूसही या कार्यालयात चार्ज घेऊ शकतो, ही मिसाल आता फाइलवर आहे. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही. समोरच्या कडुनिंबाकडे पाहत राहिले.

सरांना समजायला दोन क्षण लागले. समजल्यावर त्यांच्या पायांतली सूज वर चढून छातीत आली असं त्यांना वाटलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो, आणि घरी आले.

विचार त्यांनी चार दिवस केला. म्हणजे विचार न करता चार दिवस गेले. तेरा तारखेला सकाळी सत्यभामा ओसरीवर आली. कटंगीहून बापाचा निरोप आला होता, की चौदाला फॉर्म भरला की कळव, नाही तर मी तुमसरला होय म्हणून टाकतो. ती हे सांगायला आली नव्हती. ती सरांना सांगायला आली होती, की आता तुम्ही धावू नका, तुमचे पाय सुजले.

"मी परीक्षा पुढच्या साली देईन सर," ती म्हणाली.

पुढचं साल नाही, हे तिला माहीत होतं. ते सरांना माहीत आहे, हेही तिला माहीत होतं. ती खाली पाहून नखाने चटईची काडी उकलत होती. वीस वर्षांच्या मुलीने अठ्ठावन्न वर्षांच्या मास्तराला वाचवण्यासाठी खोटं बोलावं, हा अनुभव विद्यापीठाने कुठल्या पृष्ठावर छापला असता कोण जाणे. सुनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी फक्त खुंटीवरचा कोट काढून सरांच्या हातात दिला.

नऊ पानं, नऊ सह्या. यादी सरांनी वाचली नाही, वाचून काही फरक पडणार नव्हता. दोनशे सत्त्याऐंशीपुढे मात्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'लामता येथे, वापरात.' दुलीचंदांनी ते पाहून मान डोलावली, म्हणाले, नोंद सुंदर आहे. प्रमाणपत्र डाकेच्या गठ्ठ्यात घातलं गेलं आणि त्या दिवशी हजर असलेल्या साहेबांनी इतर तीस-चाळीस कागदांवर सह्या करताना त्याच्यावरही केली. सत्यभामेने किल्ली सरांना दिली. तिने ती एका स्वच्छ दोरीत ओवून ठेवली होती. पाया पडली आणि कॉलेजच्या खिडकीकडे धावत गेली. चौदा तारखेची वाट तिने पाहिली नाही. तासाभराने पावती दाखवायला परत आली, तेव्हा सर व्हरांड्यात बसून होते. तिने पावती दाखवली, त्यांनी चष्मा लावून नंबरासकट वाचली. बापाला तार केली का, विचारलं. आता करते म्हणाली. मग ती पोस्टाच्या बाजूने निघून गेली, आणि सर तिची वेणी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. प्राचार्यांनी त्याच आठवड्यात विद्यापीठाला कळवलं, की योजना शंभर टक्के यशस्वी झाली असून प्रभारी प्राध्यापकांनाही तिचा लाभ झाला आहे.

दुलीचंद अठ्ठावीस तारखेला हार घालून घरी गेले.

मार्चमधे परीक्षा सुरू झाल्या, कॉलेजात तास नव्हते. एका दुपारी सर रेकॉर्ड रूममधे गेले. कुणा शेतकऱ्याला नक्कल हवी होती. त्यांनी यादी पाहिली, फळी पाहिली, हात घातला आणि गठ्ठा हातात आला. शेतकरी गेला. सर दोन फळ्यांच्या मधल्या जागेत स्टुलावर बसले. उघड्या खिडकीतून वारा येत होता. फडक्यांना अजून साबणाचा वास होता. आजोबा, वडील आणि आपण. ज्या दाराबाहेर तीस वर्षं उभं राहून आपण आतली गोष्ट शिकवली, त्या दारातून शेवटी आत आलो, आणि आणलं कुणी, तर कटंगीच्या एका मुलीने. ती आत्ता परीक्षेच्या हॉलमधे 'कार्यालय व्यवस्थापना'चाच पेपर सोडवत असेल. सरांना वाटलं, आयुष्याला उशिरा का होईना, एक अर्थ आला आहे.

महागू दारात येऊन थांबला होता. काखेत एक जुनं पोतं होतं. तो थोडा वेळ आदबीने उभा राहिला आणि मग हळू आवाजात म्हणाला,

"सर, जरा तिकडं सरकता का जी? इथं मी झोपत असतो."